सॉल्झबरी पाहावे कसे: आधी टेकडी, मग कॅथीड्रल

लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरून रेल्वेने साधारण दीड तासात गाठता येणाऱ्या सॉल्झबरीला बहुतेक पर्यटक जवळच्या स्टोनहेंज या प्रागैतिहासिक शिलावर्तुळाच्या ओढीने येतात आणि उरलेल्या वेळात कॅथीड्रल उरकून घेतात. शहर नीट समजून घ्यायचे असेल, तर स्टोनहेंज दुसऱ्या दिवसासाठी ठेवावे आणि सकाळी सर्वप्रथम बसने उत्तरेकडची, सुमारे तीन किलोमीटरवरची ओल्ड सेरमची टेकडी गाठावी.

मूळ शहर येथे होते. लोहयुगीन तटबंदीच्या आत नॉर्मनांनी किल्ला बांधला आणि त्याला लागूनच १०९२ मध्ये पहिले कॅथीड्रल उभे राहिले. मात्र वारा, पाण्याची टंचाई आणि किल्ल्यातील सैनिकांशी होणारे खटके यांना कंटाळून धर्मगुरूंनी खालच्या नदीकाठी जाण्याचे ठरवले. जुन्या कॅथीड्रलचा आराखडा आज गवतात आखलेला दिसतो. वस्ती संपली तरी संसदेतील दोन जागा १८३२ पर्यंत टिकल्या. मद्रासचा गव्हर्नर राहिलेल्या आणि गोवळकोंड्याच्या हिऱ्यावर गब्बर झालेल्या थॉमस पिट याच्याकडे ही जहागीर होती, आणि त्याचा नातू, पुढे पंतप्रधान झालेला थोरला विल्यम पिट, येथूनच संसदेत गेला.

शहरात परतल्यावर हाय स्ट्रीटच्या वेशीतून क्लोजमध्ये, म्हणजे कॅथीड्रलभोवतीच्या तटबंद आवारात, शिरावे. हे दरवाजे अजूनही रात्री बंद होतात. तटाच्या भिंतीकडे जवळून पाहिल्यास साध्या दगडांमध्ये मध्येच नक्षीचे दगड बसवलेले दिसतात. ते टेकडीवरच्या पाडलेल्या कॅथीड्रलचे आहेत.

नव्या कॅथीड्रलची पायाभरणी १२२० मध्ये झाली आणि १२५८ मध्ये त्याचे अभिमंत्रण झाले. बांधकाम एवढ्या कमी काळात झाल्यामुळे येथे जी एकसंध शैली दिसते, ती इंग्लंडच्या इतर मध्ययुगीन कॅथीड्रलांत क्वचितच आढळते. १२३ मीटर उंचीचा, ब्रिटनमधील सर्वांत उंच चर्च-शिखर ठरलेला कळस मात्र चौदाव्या शतकातला आहे. जेमतेम सव्वा मीटर खोल पायावर आणि ओलसर रेताड जमिनीवर हजारो टनांचा हा भार नंतर चढवला गेला. त्याचा परिणाम पाहायचा असेल, तर कॅथीड्रलच्या आत, थेट कळसाखालच्या मध्यचौकात उभे राहून पर्बेक दगडाच्या खांबांकडे खालून वर पाहावे: ते चक्क वाकलेले आहेत. कळसही सुमारे पाऊण मीटर कलला असून १६६८ मध्ये वास्तुविशारद क्रिस्टोफर रेनने त्याची पाहणी केली होती. गुडघे धड असतील तर आगाऊ नोंदणी करून ३३२ पायऱ्यांची मनोऱ्याची सफर जरूर करावी. वर कळसाच्या आत मध्ययुगीन लाकडी सांगाडा दिसतो.

खाली १३८६ च्या सुमाराचे मानले जाणारे घड्याळ आहे. त्याला तबकडी नाही, कारण त्याचे काम फक्त तासाला टोल देण्याचे होते. शेवटी चॅप्टर हाउसमध्ये राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या १२१५ च्या मॅग्ना कार्टा या सनदेच्या उरलेल्या चार मूळ प्रतींपैकी एक पाहावी. चर्मपत्रावरील लॅटिन अक्षर इतके बारीक आहे की वाचण्याचा हट्ट सोडून लेखनिकाच्या हाताचे कौतुक करणेच बरे.

निवड हातात असल्यास मंगळवार किंवा शनिवार साधावा. १२२७ च्या सनदेने रुजलेला बाजार त्या दिवशी चौकात भरतो आणि जेवणाचीही सोय तेथेच होते.