बद्धकोष्ठावर मला लागू पडलेल्या सवयी

रत्नागिरीजवळच्या गावी परतल्यावर, दुकानात दिवसभर बसून राहणे आणि दोन्ही वेळा पांढरा भात व तळलेली मासळी जेवणे यांमुळे मला बद्धकोष्ठाचा त्रास इतका वाढला की तीन-तीन दिवस पोट साफ होत नसे. रोज रात्री रेचक चूर्ण घेऊ लागलो. पण ते चुकले की पुन्हा तीच अवस्था होई.

डॉक्टरांनी तपासून प्रथम आहाराविषयी विचारले. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम तंतुमय घटक लागतात. १०० ग्रॅम नाचणीत ते सुमारे ११ ग्रॅम असतात, तर पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमच्या आसपास. आईने लगेच सकाळी नाचणीची भाकरी, पावसाळ्यात टाकळ्याची, एरवी लाल माठाची भाजी आणि रात्री कुळथाची पिठी सुरू केली. पहिल्या आठवड्यात पोट फुगले, कारण मी सारे एकदम वाढवले आणि पाणी मात्र पूर्वीइतकेच पीत होतो. इथल्या घामट हवेत ती चूक फारच महागात पडते.

खरा फरक मात्र वेळ पाळल्याने पडला. न्याहारीनंतर मोठ्या आतड्याची हालचाल आपोआप वाढते. दुकान उघडण्याच्या गडबडीत मी ती संवेदना दाबत असे. आता न्याहारी झाली की मी शौचाला जातोच. कमोडपुढे लाकडी पाट ठेवून त्यावर पाय टेकवतो, त्यामुळे गुडघे वर येतात, गुदमार्ग सरळ होतो आणि कुंथावे लागत नाही.

महिन्याभरात चूर्ण सुटले. शौचातून रक्त जात असेल किंवा विनाकारण वजन घटत असेल, तर मात्र घरगुती उपायांत दिवस न घालवता डॉक्टरांना दाखवावे.