तुळशीचं लग्न झालं की नर्सरीतून आणलेली झाडं कशी सांभाळायची

तुळशीचं लग्न आटपलं की आपल्याकडे नर्सऱ्यांमध्ये शेवंती, झेंडू आणि नाताळासाठी लाल पानांचे पॉइन्सेटिया येतात आणि माणसं हौसेने उचलून आणतात, मग महिन्याभरात सगळं वाळलेलं. पॉइन्सेटियाचं एक लक्षात ठेवा, ती लाल दिसतात ती फुलं नाहीत पानंच आहेत, आणि त्यांना रंग धरायला सलग बरेच आठवडे रोज साधारण १४ तासांचा काळोख लागतो. त्यामुळे पडवीतल्या रात्रभर जळणाऱ्या ट्यूबखाली कुंडी ठेवलीत तर पुढच्या वर्षी नुसती हिरवी पानंच येणार, आणि मग नर्सरीवाल्याला शिव्या! आणल्या आणल्या कुंडी बदलू नका, आठवडाभर सावलीत राहू दे.

पाणी सकाळीच घाला, तेही माती बोटभर खोल चाचपून कोरडी लागली तरच. आपली जांभ्याची माती वरून लगेच सुकते म्हणून नारळाच्या सोडणाचे तुकडे करून बुंध्याभोवती पसरा, ओल टिकते आणि फुकटात होतं. शेवंतीची सुकलेली फुलं आणि तुळशीच्या मंजिऱ्या खुडत राहा, नाहीतर झाडाची सगळी ताकद बियांत जाते. मंजिरी चोळून बी बाजूला ठेवा, रोपं करता येतात.

आणि हापूसच्या मोठ्या कलमाला मोहोराच्या तोंडावर मायेने पाणी घालायला जाऊ नका हां, मोहोराऐवजी पालवी फुटते.