एलिट डेंजरसमध्ये अपग्रेडचं साहित्य कसं जमवावं: वरून खाली उतरा, खालून वर चढू नका

एलिट डेंजरस या अवकाशातल्या व्हिडिओ गेममध्ये नवं अवकाशजहाज घ्यायला क्रेडिट, म्हणजे खेळातले पैसे पुरतात. पण त्या जहाजाला लांबची उडी मारता यावी, ढाल टिकावी, इंजिन पळावं असं वाटत असेल तर इंजिनिअरचं, म्हणजे जहाजाचे भाग सुधारून देणाऱ्या खेळातल्या पात्राचं दार ठोठावावं लागतं. तिथे क्रेडिटला किंमत नाही. तिथे साहित्य लागतं, आणि ते जमवताना भलेभले कंटाळून खेळ सोडून देतात. सांगली, मिरज, कुपवाडमध्ये दिवसभर काम करून रात्री जेवण उरकल्यावर तास-दोन तास खेळायला बसणारे बरेच जण आहेत. त्यांचा तो वेळ दगड फोडण्यात वाया जाऊ नये, म्हणून हा लेख. पायी फिरतानाच्या सूट आणि बंदुकांचं साहित्य वेगळं असतं, ते इथे घेतलेलं नाही. हा सगळा हिशोब जहाजाचा आहे.

पहिली पायरी: आधी काय बनवायचं ते ठरवा

वाटेत दिसेल ते उचलत सुटू नका. एक वही घ्या आणि एकच वस्तू लिहा. पहिली वस्तू म्हणून मी सगळ्यांना फ्रेम शिफ्ट ड्राइव्ह, म्हणजे एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे उडी मारणारं यंत्रच सुचवतो, कारण उडी लांब झाली की पुढची सगळी गोळाबेरीज कमी वेळात होते. हे काम डेसिएट या तारकाप्रणालीतली इंजिनिअर फेलिसिटी फारसीअर अपग्रेडच्या शेवटच्या, पाचव्या श्रेणीपर्यंत करून देते.

उडी वाढवण्याच्या ब्लूप्रिंटला, म्हणजे अपग्रेडच्या आराखड्याला काय लागतं ते पाहा. पहिल्या श्रेणीला ॲटिपिकल डिसरप्टेड वेक एकोज. दुसरीला तेच, शिवाय केमिकल प्रोसेसर. तिसरीला फॉस्फरस, केमिकल प्रोसेसर आणि स्ट्रेंज वेक सोल्युशन्स. चौथीला मँगनीज, केमिकल डिस्टिलरी आणि एक्सेंट्रिक हायपरस्पेस ट्रॅजेक्टरीज. पाचवीला आर्सेनिक, केमिकल मॅनिप्युलेटर आणि डेटामाइन्ड वेक एक्सेप्शन्स. दर प्रयत्नाला प्रत्येकी एक नग जातो. पूर्वी प्रयत्न फसून मागेही जाता यायचं. २०१८ मधल्या बदलांनंतर प्रत्येक प्रयत्न पुढेच नेतो, त्यामुळे हिशोब आधी मांडता येतो. प्रत्येक श्रेणीला प्रत्येकी १० नग धरून चला. उरले तर पुढे उपयोगी पडतात.

दुसरी पायरी: साठा समजून घ्या

साहित्य तीन प्रकारचं असतं: कच्ची मूलद्रव्यं, तयार माल आणि डेटा. यातलं काहीही जहाजाच्या कार्गोत जागा घेत नाही. उजव्या पॅनेलमधल्या इन्व्हेंटरीत सगळं दिसतं. प्रत्येक साहित्याला प्रत ठरलेली आहे: पहिली सगळ्यात साधी, आकडा वाढेल तशी दुर्मीळ. पहिल्या प्रतीचे ३०० नग ठेवता येतात, दुसऱ्या प्रतीचे २५०, तिसऱ्याचे २००, चौथ्याचे १५० आणि पाचव्याचे १००. मूलद्रव्यांना चारच प्रती आहेत.

तिसरी पायरी: व्यापाऱ्याचा दर पाठ करा

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. २०१८ मध्ये खेळात मटेरियल ट्रेडर आले आणि साहित्य जमवण्याची पद्धतच बदलली. ज्यांना हे दर माहीत नाहीत ते अजूनही जुन्या पद्धतीने राबतात.

दर असा. साहित्याचे गट पाडलेले आहेत आणि प्रत्येक गटात दर प्रतीचं एकेक साहित्य असतं. एकाच गटात एक पायरी खाली उतरलात तर एका नगाचे ३ मिळतात. एक पायरी वर चढायचं तर ६ नग देऊन १ मिळतो. एका गटातून दुसऱ्या गटात त्याच प्रतीला जायचं तरी ६ ला १.

माझा मिरजेचा भाचा मध्यंतरी घरी आला होता. त्याने लॅपटॉप पुढ्यात ठेवला आणि म्हणाला, "मामा, बघा की, सगळं भरलंय माझं. लोखंड फुल्ल, निकेल फुल्ल, कार्बन फुल्ल. आणि इंजिनिअर म्हणतोय, साहित्य नाही."

मी म्हटलं, "बरं. या लोखंडाचं सेलेनियम करून बघू."

लोखंड, जस्त, कथील, सेलेनियम हा एक गट. ३०० लोखंडाचं जस्त झालं ५०. त्यातल्या ४८ जस्ताचं कथील झालं ८. त्यातल्या ६ कथिलाचं सेलेनियम झालं १. पोरगं आठवडे रानोमाळ गाडी फिरवून ज्या साठ्यावर खूश होतं, त्याची किंमत सेलेनियमचा एक नग. त्याचं पोलोनियम हवं असेल तर गट बदलतो, म्हणजे असे ६ नग लागतील.

"आता उलटं कर," मी म्हटलं. "सेलेनियमचा एक नग खाली उतरव."

एकाचे ३ कथील, ९ जस्त, २७ लोखंड. १२ सेलेनियम हातात असतील तर लोखंडाचा अख्खा कोठा भरून वर सांडतो. भाचा बराच वेळ आकडे बघत राहिला. "म्हणजे लोखंड उचलायचंच नाही?" वाटेत आलं तर उचल, त्यासाठी म्हणून उतरू नकोस, एवढंच मी सांगितलं.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद सौद्याला लावताना शेतकरी प्रतवारी करूनच पोती मांडतो, कारण सगळी सरमिसळ केली तर चांगल्या मालालाही हलका भाव येतो. इथेही वेळ कुठल्या प्रतीवर खर्च झाला त्यावर सगळं ठरतं.

व्यापारी कुठे सापडतो? मूलद्रव्यांचा व्यापारी खाणकाम किंवा शुद्धीकरणाची अर्थव्यवस्था असलेल्या स्थानकात, तयार मालाचा औद्योगिक स्थानकात, डेटाचा हाय-टेक किंवा लष्करी स्थानकात. गॅलेक्सी मॅपवर शोधता येतो, इनारा या संकेतस्थळावर जवळचा लगेच मिळतो.

आता फ्रेम शिफ्ट ड्राइव्हचा हिशोब या दराने मांडून बघा. केमिकलच्या गटात सगळ्यात वर फार्मास्युटिकल आयसोलेटर आहे. ४ आयसोलेटर उतरवले की १२ मॅनिप्युलेटर, २ उतरवले की १८ डिस्टिलरी, १ उतरवला की २७ प्रोसेसर. झाले ७. डेटाच्या बाजूला १० डेटामाइन्ड तशाच ठेवायच्या, ४ उतरवून १२ एक्सेंट्रिक, २ उतरवून १८ स्ट्रेंज, १ उतरवून ८१ ॲटिपिकल. झाले १७. मूलद्रव्यांत २ पोलोनियमचं १८ आर्सेनिक, २ रुथेनियमचं १८ मँगनीज, १ टेक्नेशियमचं २७ फॉस्फरस. झाले ५. म्हणजे पाचही श्रेणींचं मिळून २९ नगांत भागतं. शेकडो दगड फोडायची गरज नाही.

चौथी पायरी: तयार माल, म्हणजे हाय ग्रेड एमिशन्स

तयार मालाची वरची प्रत अवकाशात तरंगत असते, हाय ग्रेड एमिशन्स नावाच्या सिग्नलमध्ये. पण कुठल्याही प्रणालीत जाऊन शोधत बसलात तर हवा तो माल मिळणार नाही. प्रणालीची अवस्था काय आहे त्यावर माल ठरतो. साथीचा रोग पसरलेल्या, म्हणजे आउटब्रेक असलेल्या प्रणालीत फार्मास्युटिकल आयसोलेटर मिळतात. युद्ध किंवा यादवी असेल तिथे मिलिटरी ग्रेड ॲलॉय आणि सुपरकपॅसिटर. सिव्हिल अनरेस्टमध्ये इम्प्रोव्हाइज्ड कंपोनंट्स. साम्राज्याच्या गटांकडे इम्पीरियल शील्डिंग, फेडरेशनकडे कोअर डायनॅमिक्स कंपोझिट. तेव्हा गॅलेक्सी मॅपवर आधी अवस्थेची गाळणी लावा आणि आउटब्रेक असलेली दाट वस्तीची प्रणाली निवडा.

तिथे पोचल्यावर फुल स्पेक्ट्रम स्कॅनर उघडा आणि सिग्नल शोधा. सिग्नलला किती वेळ उरला आहे तेही दिसतं. लांबच्या सिग्नलला दोन-तीन मिनिटं उरली असतील तर त्याच्या मागे लागू नका, वाटेतच विझतो.

जाताना जहाजावर लिंपेट, म्हणजे माल गोळा करून आणणारे छोटे ड्रोन चालवणारा कलेक्टर लिंपेट कंट्रोलर हवा आणि कार्गोत स्थानकावरून विकत घेतलेले लिंपेट हवेत. मोठ्या आकाराच्या कंट्रोलरला एकावेळी जास्त लिंपेट हाताळता येतात. सिग्नलमध्ये उतरल्यावर जहाज थांबवा, वेग शून्यावर आणा, कार्गो स्कूप उघडा आणि मग लिंपेट सोडा. सोडताना कुठलीही वस्तू निवडलेली नको, हे फार महत्त्वाचं आहे. वस्तू निवडून सोडलेला लिंपेट ती एक वस्तू आणतो आणि संपतो. काहीही न निवडता सोडलेला लिंपेट त्याचं आयुष्य असेपर्यंत एकामागून एक वस्तू आणत राहतो. अनेकांचे लिंपेट निम्म्यात संपतात ते याच कारणाने.

७ आयसोलेटरसाठी फार सिग्नल धुंडाळावे लागत नाहीत. पण आलात तसे जास्तच घेऊन जा. कारण शेवटी सांगतो.

पाचवी पायरी: डेटा

जहाज हायपरस्पेसमध्ये उडी मारून गेलं की मागे एक ढग राहतो, त्याला हाय वेक म्हणतात. जहाजाच्या युटिलिटी माउंटवर फ्रेम शिफ्ट वेक स्कॅनर बसवा, तो फायर ग्रुपमध्ये लावा आणि वर्दळीच्या स्थानकाबाहेर उभे राहा. दुष्काळाची, म्हणजे फॅमिनची अवस्था असलेल्या प्रणालीतली डिस्ट्रिब्युशन सेंटर तर या कामासाठी खेळाडूंत प्रसिद्धच आहेत, कारण तिथून जहाजं सतत निघत असतात. एकेक हाय वेक निवडायचा, नाकासमोर धरायचा आणि स्कॅन पूर्ण होईपर्यंत कळ दाबून ठेवायची.

कुठला डेटा मिळेल ते हातात नसतं, खालच्या प्रतीचा जास्त येतो. तो टाकाऊ नाही, पहिल्या-दुसऱ्या श्रेणीला तोच लागतो. काम शांतपणाचं आहे. कानाला रेडिओ लावून, घरच्यांशी बोलत बोलत करता येतं, आणि दिवसभर थकून आलेल्या माणसाला मला तरी यापेक्षा चांगलं काम या खेळात दिसत नाही.

सहावी पायरी: मूलद्रव्यं

फक्त फ्रेम शिफ्ट ड्राइव्ह करायचा असेल तर लांबच्या मोहिमेवर जाऊ नका. ग्रह निवडल्यावर सिस्टीम मॅपमध्ये त्यावरची मूलद्रव्यं टक्केवारीसह दिसतात. आर्सेनिक, मँगनीज आणि फॉस्फरस तिन्ही असलेला जवळचा, उतरता येईल असा ग्रह बघा आणि एसआरव्ही, म्हणजे जमिनीवर चालणारी गाडी घेऊन उतरा. गाडीचं इंधन संपत आलं तर एकेक नग फॉस्फरस आणि गंधक वापरून तिथेच बनवता येतं, परत जहाजाकडे धावायची गरज नाही.

अख्खं जहाज उभं करायचं असेल तर मात्र एचआयपी ३६६०१ ला एकदा जाच. सूर्यापासून सुमारे दीड हजार प्रकाशवर्षांवर ही प्रणाली आहे आणि तिथल्या ग्रहांवर स्फटिकांची वनं उभी आहेत. सी १ ए वर पोलोनियम, सी १ डी वर रुथेनियम, सी ३ बी वर टेल्युरियम, सी ५ ए वर टेक्नेशियम. एसआरव्हीच्या बंदुकीने स्फटिक फोडायचे आणि पडलेले तुकडे स्कूपमध्ये घ्यायचे. चारही कोठे १५० पर्यंत भरून परत आलात की मूलद्रव्यांची चिंता फार काळासाठी मिटते. उतार फार असतो, स्फटिक अंगावर येतात, तेव्हा गाडी हळू चालवा.

पावसाळ्यात आणि वीज जाते तेव्हा

हा खेळ एकट्याने, सोलोमध्ये खेळलात तरी इंटरनेट लागतंच. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये वळचणीला पाणी आणि लाइनचा भरवसा नाही, अशी परिस्थिती असते. उचललेलं साहित्य सर्व्हरवर जमा झालेलं असतं, ते जात नाही. पण अर्धवट राहिलेला सिग्नल परत तसाच सापडेल याची खात्री नसते. म्हणून लाइन डळमळीत असलेल्या रात्री हाय ग्रेड एमिशन्सच्या मागे लागू नका, ग्रहावर उतरून मूलद्रव्यं गोळा करा. राउटरला छोटा यूपीएस लावा, घरात इन्व्हर्टर असला तरी. आणि गोळा करायचं काम नेहमी सोलोमध्येच करा. भरलेलं जहाज दुसऱ्या खेळाडूच्या तोफेसमोर नेण्यात काही अर्थ नाही.

शेवटची पायरी: बदला आणि बनवा

व्यापाऱ्याकडे जाताना वही सोबत ठेवा. लागेल तेवढंच उतरवा. वरची प्रत तशीच ठेवली तर उद्या कुठल्याही खालच्या प्रतीला वापरता येते. एकदा उतरवलेलं परत वर न्यायला मात्र सहापट दर मोजावा लागतो.

मग डेसिएटला जा, श्रेणी एक ते पाच ओळीने पूर्ण करा, एक्सपेरिमेंटल इफेक्ट, म्हणजे वरचा जादा गुणही तिथेच लावून घ्या आणि निघण्यापूर्वी ब्लूप्रिंट पिन करा, म्हणजे जवळ राखून ठेवा. एका इंजिनिअरचं एक ब्लूप्रिंट पिन करता येतं. पुढच्या जहाजाच्या वेळी तेच काम आउटफिटिंग असलेल्या कुठल्याही स्थानकात होतं.

फार्मास्युटिकल आयसोलेटर जास्त घ्या असं वर म्हटलं ते थ्रस्टरसाठी, म्हणजे जहाजाला वेग देणाऱ्या इंजिनांसाठी. त्यांच्या डर्टी ड्राइव्ह या ब्लूप्रिंटच्या पाचव्या श्रेणीला क्रॅक्ड इंडस्ट्रियल फर्मवेअर आणि कॅडमियमसोबत आयसोलेटर तसाच्या तसा लागतो, उतरवलेला चालत नाही. थ्रस्टरसाठी फारसीअर तिसऱ्या श्रेणीपर्यंतच जाते, पुढे प्रोफेसर पालिन या दुसऱ्या इंजिनिअरकडे जावं लागतं. त्याच्याकडे निघण्याआधी १० आयसोलेटर बाजूला ठेवलेत ना, ते वहीत बघून घ्या.