फौजीशी लग्न ठरलंय? सुट्टी संपायच्या आत एवढं उरका

आमचं लग्न ९९ च्या मेमधलं, अधिक महिना लागायच्या आत उरकलेलं. मांडव उतरतोय तोवर युनिटची तार आली आणि हे कारगिलकडं निघाले. २०२५ च्या मेमध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळीही अंगाची हळद निघायच्या आत पोरं पलटणीत परतली. म्हणून आमच्या साताऱ्याकडच्या नव्या सुनांना जे सांगते, तेच लिहिते.

मुहूर्त सुट्टी लागल्या लागल्या धरा. देवक, हळद, लग्न एका दिवसात बसतं. जागरण-गोंधळ आणि जेजुरी मागाहून. खंडोबा थांबतो, पलटण थांबत नाही.

पहिली फेरी ग्रामसेवकाकडं. विवाह नोंदणीला साक्षीदार आणि भटजींची सही लागते, ती पाहुणे घरात आहेत तोवरच घ्या. मुंबईकर एकदा गाडीत बसले की हाती लागत नाहीत. तांदळात अंगठीनं लिहिलेलं नवं नाव घरात हाका मारायला राहू द्या. दाखला, आधार, बँक, युनिट सगळीकडं मात्र एकच नाव, एकाच स्पेलिंगनं. आमच्या जाऊबाईंचं दाखल्यावर एक आणि पलटणीत दुसरंच लागलं. प्रतिज्ञापत्रं करता करता चपला झिजल्या बाईच्या.

दाखला आणि दोघांचा जॉइंट फोटो त्यांच्या बॅगेत स्वतः घाला. त्यावरून युनिट 'पार्ट टू ऑर्डर' काढतं, तेव्हा कुठं सरकारी दप्तरात तुम्ही त्यांची बायको. मेडिकल, कॅन्टीन कार्ड, उद्या फॅमिली पेन्शन, सगळं त्या नोंदीवर. इन्शुरन्सला नॉमिनी कोण, हेही विचारा. बहुतेक आई असते. विषय अवघड आहे, पण सासूबाईंच्या देखत काढा. पाठीमागं काढलात तर घर फुटतं.

आर्मी नंबर, रँक, युनिट पाठ करा. पत्त्यात ह्यापुढं फक्त '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' (म्हणजे लष्कराचं टपाल कार्यालय), त्यात गाव नसतं. फोनवरही "कुठं आहात?" विचारायचं नाही आणि वर्दीतला फोटो स्टेटसला ठेवायचा नाही. आम्ही अंतर्देशीय पत्राच्या कोपऱ्यात आकडा टाकायचो, कारण तिसरं आधी पोचायचं आणि दुसरं मागाहून. मजकूर काय, तर म्हैस व्याली, खरवस केला, वळीव पडला. तुम्हीही फोन लागला की असलंच बोला. सासूचं गाऱ्हाणं सुट्टीत सांगा, तिथं बर्फात ऐकून ते काय करणार?

अडलंच तर जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिक कल्याण कार्यालय असतं, तिथं स्वतः जा. सगळ्या कागदांच्या दोन झेरॉक्स काढा, एक माहेरी ठेवा.