मिलिट्रीतनं मनाचा आजार घेऊन आलेल्यांनी डिसॅबिलिटी पेन्शन कशी मागायची

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात कुठल्याही गावात जावा, दोन-चार पेन्शनर फौजी हमखास भेटतात. पायाला गोळी लागलेला माणूस पेन्शन मागताना लाजत नाही, पण ज्याला रात्रभर झोप नाही, जो आवाज झाला की दचकतोय, त्याच्या घरचे गप्प बसतात, लग्नाच्या पोरी आहेत, लोक काय म्हणतील म्हणून. तर आधी हे डोक्यात घ्या की डिप्रेशन, पीटीएसडी (भयंकर प्रसंगाचा मनावर राहिलेला धक्का), स्किझोफ्रेनिया ह्यांच्यावरही डिसॅबिलिटी पेन्शन मिळू शकते. तो हक्क आहे, कुणाचे उपकार नव्हेत.

सगळ्यात पहिलं काम म्हणजे रिलीज मेडिकल बोर्डाचा, म्हणजे नोकरी सुटताना डॉक्टरांनी केलेल्या तपासणीचा कागद हातात घेणं. घरी नसेल तर रेकॉर्ड ऑफिसकडनं मागवा, मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांचं रेकॉर्ड ऑफिस इथंच बेळगावात आहे, बाकीच्यांनी आपापल्या रेजिमेंटला लिहायचं, आणि उत्तर नाही आलं तर दहा रुपये भरून आरटीआय टाकायचा. सोबत एएफएमएसएफ-10 पण मागा. मानसिक केसमध्ये युनिटचा सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, जो रिपोर्ट देतो तो हा, आणि बरेच जण नेमका हाच मागायला विसरतात.

बोर्डाच्या कागदात दोन गोष्टी बघा. एक, डिसॅबिलिटीची टक्केवारी. साधारण 20 टक्के तरी लागतात. दुसरी जास्त महत्त्वाची, आजार नोकरीमुळं झाला किंवा नोकरीमुळं वाढला असं लिहिलंय का. तिथं 'नाना' लिहिलं असेल, म्हणजे दोन्ही नाही, तर क्लेम तिथंच अडकतो आणि मनाच्या आजारात हे फार वेळा होतं. मग खचून जाऊ नका, पोस्टिंगची यादी काढा आणि त्याशेजारी आजार पहिल्यांदा कधी दिसला ते लिहा. फील्ड, काउंटर इन्सर्जन्सी (अतिरेक्यांविरुद्धची ड्युटी), हाय अल्टिट्यूडवर असताना सुरू झाला असेल तर तुमची बाजू बरीच भक्कम होते. सुप्रीम कोर्टानं 2013 मध्ये धरमवीर सिंग केसमध्ये सांगितलंय की भरतीवेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असंच धरायचं, आजार नोकरीमुळं नाही हे सरकारनं दाखवायचं. पण 2019 च्या नरसिंग यादव केसमध्ये कोर्टानं असंही म्हटलंय की मानसिक आजार भरतीच्या तपासणीत कळतोच असं नाही, म्हणून नुसत्या धरमवीर सिंगच्या निकालावर विसंबू नका, पोस्टिंगचा पुरावा जोडाच.

पैशाचा हिशोब असा. शंभर टक्के डिसॅबिलिटीला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के, तेही सर्व्हिस पेन्शनच्या वर. 21 सप्टेंबर 2023 च्या आधी सुटलेल्यांना 50 च्या खालची टक्केवारी 50 धरतात, म्हणजे पगार 60,000 असेल तर महिन्याला 9,000. त्या तारखेपासनं नवे नियम आहेत, त्यानंतर सुटलेल्यांनी आपला हिशोब त्या नियमांनीच काढून घ्यावा.

क्लेम नाकारला तर सहा महिन्यांत पहिलं अपील, मग दुसरं, आणि शेवटी आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल. इथं सीमाभागातल्यांची गफलत होते बघा, चंदगड-गडहिंग्लजच्या पाव्हण्यांची केस मुंबई बेंचला चालते पण कर्नाटकात राहणाऱ्यांना कोची बेंच लागतं, त्यामुळं त्यांनी दिलेला वकिलाचा पत्ता आपल्याला चालेलच असं नाही. वर्षं उलटली तरी पेन्शनची केस मरत नाही, पण मागची थकबाकी बहुतेक वेळा तीन वर्षांचीच मिळते, म्हणून थांबू नका.

अर्ज करायच्या आधी नाव तपासा. डिस्चार्ज बुकात एक स्पेलिंग, आधारला कन्नडवरनं आलेलं दुसरंच, आणि स्पर्शमध्ये (फौजी पेन्शनची ऑनलाइन यंत्रणा) तिसरं, ह्यात महिनोन्महिने जातात. जिल्हा सैनिक कल्याण ऑफिसात सगळे कागद घेऊन जावा, आणि माणूस स्वतः यायला तयार नसेल तर बायकोनं किंवा भावानं जाऊन चौकशी करायला काहीच हरकत नाही.

ह्या सगळ्यात औषध मात्र बंद करू नका. ईसीएचएसमधनं (माजी सैनिकांची दवाखान्याची योजना) दाखवा, नाहीतर धारवाडच्या डिमहान्स ह्या सरकारी मनोरुग्णालयात जावा, प्रत्येक चिठ्ठी तारखेप्रमाणं फाइलला लावा, पुढं बोर्ड परत तपासायला बोलावतं तेव्हा तीच फाइल कामाला येते. आणि रात्री-बेरात्री माणूस जिवाचं काही बोलायला लागला तर कागद सोडा, त्याच्याजवळ बसा आणि 14416 ला फोन लावा, टेली-मानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.