बारा जण, एक तास, खो-खो

खो-खोत सगळ्यांची मिळून तंद्री लागायची असेल, तर मेहनत बसणाऱ्या आठ जणांवर घ्या. मोठ्या माणसांचे गट इथेच चुकतात: तयारी पळण्याची होते आणि बाकीचे पाळीची वाट बघत बसतात.

बारा जण पुरतात. एक पाठलागावर, आठ बसलेले, तिघे पळणारे. दोन खांबांमध्ये 24 मीटर, मैदानाची रुंदी 16 मीटर. जमीन मातीचीच हवी, खडे वेचून पाणी मारलेली. काँक्रीटवर गुडघे लवकर कुरकुरतात. आधी दहा मिनिटं हलकं धावा, पाय मोकळे करा. बसल्या जागेवरून झेपावताना मांडीचा मागचा स्नायू पटकन धरतो.

आता बैठक. तोंडं एकाआड एक विरुद्ध बाजूंना. टाचा जरा उचललेल्या, बोटांची टोकं पुढे जमिनीला टेकलेली, भार चवड्यांवर. टाचांवर रेलून बसलेला उठेपर्यंत पळणारा दोन पावलं निसटतो.

पहिली पंधरा मिनिटं पळणारे नकोतच. या खांबापासून त्या खांबापर्यंत शेजारच्याला खो देत साखळी चालवा, तीन फेऱ्या. तळवा दोन्ही खांद्यांच्या मधोमध पडायला हवा, ढकलायचं नाही, आणि स्पर्श होताक्षणीच हाक. हाक आधी गेली की माणूस घाईने उठतो, फाउल होतो, आणि पुढच्या खोला तोच बिचकून उशिरा उठतो. लय तिथे तुटते. उठलेल्याने एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत वळता येत नाही, म्हणून बसल्या बसल्याच पळणाऱ्यांवर नजर हवी.

मग खेळ. प्रौढांच्या पारंपरिक सामन्यात पाळी 9 मिनिटांची असते, इथे 3 मिनिटं ठेवा. तिघेही बाद झाले तरी वेळ संपेपर्यंत तेच पळतील, फक्त बाद मोजा. पाळी संपली की पुढचे तिघे उठतात. आठ पाळ्यांत प्रत्येकजण दोनदा पळतो.

पाळीत दोन ते चार बाद होत असतील तर जोड बरोबर जमली. एकही होत नसेल तर दोन्ही बाजूंनी मैदान एकेक मीटर आत घ्या. याबाबत आम्ही आग्रही आहोत. मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने ‘फ्लो’ म्हणून मांडलेली, खेळात पूर्ण गुंगून जाण्याची ही तंद्रीची अवस्था आव्हान आणि कौशल्य तोडीस तोड असतानाच येते. एकच चपळ गडी तिघांचा खेळ खाऊ लागला की बसलेल्यांची नजर मैदानाबाहेर जाते. त्याला पाठलागावर घ्या. चालू पाळीत बाहेरून सूचना देऊ नका, जे सांगायचं ते पाळी संपल्यावर, एका वाक्यात.

लय लागली की कानांनाच कळतं: पाठीवरची थाप आणि ‘खो’ हा एकच आवाज होतो, आणि पळणारा वळला की आठही माना एकदम वळतात. हाका मागे पडू लागल्या की पाय थकलेत असं समजा आणि थांबा. शेवटची दहा मिनिटं गोल करून पाय ताणा, पाणी प्या, गप्पा मारा. दोन दिवस कोण आलं नाही, हे याच गोलात लक्षात येतं. त्याला तिथूनच फोन लावा.