लिथियममध्ये जायचंय? आधी पंपिंग टेस्ट शिका

नांदेड, संभाजीनगरला जिऑलॉजी करणारी मुलं विचारतात, लिथियममध्ये शिरायचं तर बॅटरीचा कोर्स करू का? मी म्हणतो, आधी भूजल पक्कं करा. धाराशिव-लातूरकडच्या विहिरी मोजत मी शिकलो आणि त्याच जोरावर अर्जेंटिनातल्या सालारचं काम मिळालं.

सालार म्हणजे अँडीजच्या पठारावरची मिठाची सपाट खोरी. खालच्या मीठ-गाळाच्या थरांत लिथियम विरघळलेलं खारपाणी असतं. आपल्या बेसॉल्टमध्ये असली खोरी नाहीत, पण प्रश्न ओळखीचा आहे. शेजाऱ्याने खोल बोअर घेतलं की आपलं आटतं, तसंच तिथेही. हे खनिज वाहतं, म्हणून साठा मोजताना नुसती सच्छिद्रता धरून चालत नाही. चिकणमातीत पोकळ्या भरपूर, पण त्यातलं पाणी सुटतं थोडंच. जे खरंच निथळतं तो विशिष्ट उत्पाद (specific yield). तो आकडा चुकला की सगळा अंदाज फुगतो.

पंपिंग टेस्ट, म्हणजे उपसा करत पातळी कशी उतरते ते मोजणं, हातात बसवा. मोटर चालू झाली की सुरुवातीला मिनिटा-मिनिटाला पातळी, मग अंतर वाढवत जायचं. बंद केल्यावर पाणी वर चढतानाही तितक्याच निष्ठेने नोंदी. बरेच जण तिथेच घरी जातात. सालारमध्ये भर एवढीच, की खारपाण्याची घनता सुमारे 1.2, त्यामुळे दोन बोअरच्या पातळ्यांची थेट तुलना करता येत नाही, घनतेची दुरुस्ती करावी लागते. कडेने गोडं पाणी खारपाण्यावर तरंगत येतं. उपसा तिकडे सरकला तर खारपाणी पातळ होतं आणि तिथल्या वस्त्यांचं, पाणथळीचं नुकसान होतं. हा ताळेबंद मांडता न येणाऱ्याने या धंद्यात पडू नये, असं माझं ठाम मत आहे.

पुढचं रसायनशास्त्र. तळ्यांत उन्हावर वर्ष-दीड वर्ष आटवायचं, मॅग्नेशियम काढायचं, सोडा ॲश (सोडियम कार्बोनेट) घालून लिथियम कार्बोनेट करायचं. बोलिव्हियातलं उयुनी सालार मागे राहिलं, त्यात जास्त मॅग्नेशियमचाही वाटा आहे. लिथियमच्या वजनाला 5.323 ने गुणलं की कार्बोनेट समतुल्य मिळतं. रिपोर्टमध्ये हाच आकडा असतो.

आपल्या सरकारच्या काबिल कंपनीने जानेवारी 2024 मध्ये अर्जेंटिनाच्या कातामार्का प्रांतात लिथियमच्या 5 ब्लॉकसाठी करार केलाय. तयारी करायची तर भूजल प्रवाहाचं मॉडेल करणारं मॉडफ्लो सॉफ्टवेअर, मग घनतेसाठी सीवॉट, आणि स्पॅनिश. तिथे ड्रिलरचा रोजचा रिपोर्ट स्पॅनिशमध्येच येतो.